विद्यार्थी भीमराव : एका अभ्याससंकल्पाची सोळा वर्षे

जून महिन्यात शाळा उघडली की वसतिगृहांच्या भिंतींवर नवी वेळापत्रके दिसू लागतात. पहाटे पाचला उठणे, सहा ते आठ गणित, सायंकाळी इंग्रजी, रात्री दिवसभराच्या पाठांची उजळणी. रेघा नीट आखलेल्या असतात, अक्षर वळणदार असते आणि मनात उत्साह असतो. श्रावण सरेपर्यंत मात्र यांपैकी पुष्कळ कागद केवळ भिंतीची शोभा होऊन राहतात. मध्येच एखादा ताप येतो, गावाकडून निरोप येतो, घरी लग्नकार्य निघते, एखाद्या चाचणीत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडतात, आणि मोडलेल्या वेळापत्रकाकडे पुन्हा वळण्याचे धैर्य होत नाही. अभ्यासाची योजना आखणे फारसे कठीण नसते. ती मोडल्यानंतर पुन्हा हाती घेणे हीच विद्यार्थ्याची खरी परीक्षा असते.

या परीक्षेत उतरलेला एक विद्यार्थी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून वंदन करतो. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्या शाळांतील लहान मुलेही तोंडपाठ म्हणतात. परंतु त्या यादीत एका पदवीपासून दुसऱ्या पदवीपर्यंतचे अंतर दिसत नाही. त्या अंतरात संपलेली शिष्यवृत्ती आहे, बुडालेली पुस्तके आहेत, नाकारलेले घर आहे, परत आलेला प्रबंध आहे. १९०७ च्या मॅट्रिकपासून १९२३ च्या डी.एस्सी.पर्यंतचा सोळा वर्षांचा हा प्रवास त्या अंतरासह पाहिला, तर विद्यार्थ्याला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

डबक चाळीतील पहाट

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण वडिलांच्या निवृत्तीनंतर दापोली आणि सातारा येथे गेले. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातील शाळेत शिक्षक होते. मुलांना पाठ देणे, केलेला पाठ तपासणे आणि पुन्हा करून घेणे हा त्यांचा व्यवसायच होता. घरातही त्यांनी तो सोडला नाही. भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना मातोश्री भीमाबाई निवर्तल्या आणि आत्या मीराबाईंनी मुलांचा सांभाळ केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये त्यांचा प्रवेश झाला. आज महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे आणि पाण्यासाठी दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागे, हे आपण जाणतो.

पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोपणे, पाहुणे आणि अभ्यास या साऱ्यांसाठी तीच एक खोली. दिवसा तेथे पुस्तक उघडून बसणे शक्य नव्हते. तेव्हा पिता-पुत्रांनी एक व्यवस्था लावली. संध्याकाळी भीमराव लवकर झोपत आणि रामजी जागे राहत. रात्री दोनच्या सुमारास वडील मुलाला उठवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. उशाशी जाते, पायथ्याशी बांधलेली शेळी आणि काच नसलेली मिणमिणती चिमणी, एवढ्या सामग्रीवर पहाटेपर्यंत अभ्यास चाले. चाळ जागी होण्याआधी दिवसाचा मुख्य अभ्यास झालेला असे.

ही व्यवस्था कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नव्हती. घरात शांतता केव्हा असते, दिवा केव्हा मोकळा असतो, झोपायला जागा किती जणांना पुरते, या प्रश्नांची उत्तरे शोधून ती बनविली होती. दुसऱ्याचे वेळापत्रक उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. पहाटे दोनला उठणे हा नियम सर्वांसाठी नाही. आपल्या परिस्थितीत कोणती वेळ खरोखर आपली आहे, हे ओळखणे मात्र सर्वांसाठी आहे.

शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची त्यांच्यावर दृष्टी गेली. या वाचनवेड्या मुलाला त्यांनी पुस्तके पुरविली. मुलाला पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला, तर रामजी विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन आले की सोडवीत. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही शाळेत ती वाट बंद होती, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने केला. बंद झालेली वाट मनाच्या नोंदवहीत लिहून ठेवायची आणि संधी मिळताच तिकडे वळायचे, ही सवय येथूनच दिसते.

१९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. हा आकडा आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा. पुढे ज्या बुद्धीपुढे जगाने मान लवविली, तिची शालान्त परीक्षेतील नोंद ही अशी साधी आहे. तरीही त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही अपूर्व गोष्ट होती. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या भेटीचे मोल १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात सर्व जगाने पाहिले.

करार आणि कालमर्यादा

श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पार पडले. १९१२ अखेरीस बी.ए.ची परीक्षा झाली. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तोच वडिलांच्या आजाराचे वृत्त आले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. पहाटे दोनला उठविणारा हात आता राहिला नव्हता. येथून पुढे स्वतःला उठविण्याचे काम त्यांचे त्यांनाच करायचे होते.

त्याच वर्षी जून महिन्यात बडोदा संस्थानाशी करार झाला. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि त्यानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा, असे त्याचे स्वरूप होते. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे प्रथमच कोणी त्यांना वेगळे बसविले नाही. बरोबरीने जेवणे, बरोबरीने खेळणे, मोकळेपणाने फिरणे हे सारे नवे होते. पहिले काही महिने त्या मोकळेपणात गेले, असे चरित्रकार नमूद करतात. नंतर एका रात्री ते स्वतःशीच विचार करीत बसले. आपल्याला येथे कोणी, कशासाठी आणि किती काळासाठी पाठविले आहे, याचा हिशेब त्यांनी मांडला. तीन वर्षांतील काही महिने संपलेले होते. त्या रात्रीनंतर त्यांच्या दिवसाला शिस्त आली.

ही घटना आपण विसरू नये. महापुरुषाचे जीवन सांगताना आपण त्याला जन्मतःच निग्रही ठरवितो आणि मग आपल्या चंचल मनाला तो आदर्श दूरचा वाटू लागतो. भीमरावांचेही मन रमले होते. त्यांनी ते ओळखले, गेलेल्या महिन्यांचा शोक करीत बसले नाहीत आणि उरलेल्या दिवसांची मोजणी केली.

त्या मोजणीचे फळ विद्यापीठाच्या नोंदींत दिसते. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम केले. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन यांचा प्रत्येकी एक. एकंदर साठ. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स हार्वे रॉबिन्सन, अलेक्झांडर गोल्डनवायझर अशा अध्यापकांची व्याख्याने त्यांना ऐकावयास मिळाली. संशोधनाची पद्धत कोणती अनुसरावी, असे त्यांनी सेलिग्मन यांना विचारले असता, मनापासून काम करीत गेल्यास स्वतःची पद्धत आपोआप घडत जाईल, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ग्रंथालयात अधिकाधिक तास, जेवणावर कमीत कमी खर्च आणि उरलेल्या पैशांतून घरखर्चासाठी मुंबईस रक्कम व स्वतःसाठी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतील ग्रंथ, असा तो दिनक्रम होता.

एक विषय, अनेक पायऱ्या

साठ अभ्यासक्रमांचा आकडा ऐकून कोणाला वाटेल की त्यांनी दिसेल ते शिकून घेतले. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापार या विषयावरील प्रबंधाने त्यांना एम.ए.ची पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती व वाढ यांविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरील प्रबंध पूर्ण झाला. पुढे लंडनमध्ये ब्रिटिश भारतातील साम्राज्य सरकारच्या वित्ताचे प्रांतिक विकेंद्रीकरण हा एम.एस्सी.चा विषय झाला आणि रुपयाचा प्रश्न हा डी.एस्सी.चा. १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली.

हे विषय ओळीने मांडले की त्यांतून जाणारे सूत्र ध्यानात येते. भारताचा पैसा कोठून येतो, तो कोणाच्या हाती जातो आणि त्याचा भार कोणावर पडतो, या एकाच प्रश्नाभोवती बहुतेक सारे काम फिरते. एका प्रबंधासाठी जमविलेली माहिती दुसऱ्याला उपयोगी पडते, एका ग्रंथालयात काढलेली टिपणे दुसऱ्या देशात कामास येतात. वेळ आणि पैसा दोन्ही तुटपुंजे असलेल्या विद्यार्थ्याने केलेली ही फार सूज्ञ योजना होती. आपल्याकडे विद्यार्थी आज एक मार्गदर्शक आणतो, उद्या दुसरा, परवा तिसरा. प्रत्येकाची पहिली वीस पाने वाचलेली असतात. विषय बदलत राहिल्याने अभ्यास झाल्यासारखा भासतो, परंतु एका टिपणाचा दुसऱ्याला आधार मिळत नाही.

खंड

१९१६ च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन अभ्यास त्यांनी एकाच वेळी आरंभिले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये बडोद्याहून परत येण्याचा आदेश आला. प्रबंध अपुरा, कायद्याचा अभ्यास अपुरा, महायुद्ध सुरू आणि हाती पैसा नाही.

परत निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. त्या एका कामात अभ्यासाच्या नियोजनाचे मर्म साठविलेले आहे. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळविली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास त्यांना आपला अभ्यास तेथूनच पुढे चालू ठेवता येणार होता. परत येण्याची कोणतीही साधने त्या क्षणी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही अर्धवट ग्रंथात खुणेचे पान घालावे, तशी ही खूण त्यांनी ठेवली. अभ्यास तुटला होता. त्याचे टोक त्यांनी हातातून सुटू दिले नाही.

परतीच्या प्रवासात आणखी एक आघात झाला. त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठविली होती. ते जहाज युद्धात बुडविले गेले. पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ आणि त्यांबरोबरची टिपणे समुद्रात गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस पोहोचले. सामानाच्या नुकसानभरपाईपोटी मिळालेल्या रकमेतून त्यांनी बडोद्याचा प्रवास केला.

बडोद्यात काय घडले ते प्रत्येक भीमसैनिक जाणतो. कोलंबियाचा हा पदवीधर महाराजांचा लष्करी सचिव म्हणून रुजू झाला, आणि कचेरीतील शिपाई त्याच्या टेबलावर कागद दुरून फेकीत. गावात राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहात नाव लपवून काढलेले थोडे दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपविले. एका बागेतील झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि ते मुंबईस परतले.

अशा वेळी अभ्यासाची आठवण तरी कोणाला होईल? भीमरावांच्या मनात मात्र लंडनची मुदत चालूच होती.

मुदत चालू असताना

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन दरमहा ४५० रुपये होते. त्या काळात ही रक्कम मोठी होती. चांगले घर घ्यावे, सुखाने राहावे, झाले ते शिक्षण पुरे म्हणावे, असे कोणीही सुचविले असते. प्राध्यापक आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले. वेतनातील ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती घरखर्चाला देऊन उरलेली ते लंडनसाठी बाजूला ठेवीत. वर्गात शिकवावयाच्या विषयाची तयारी ते अशा खोलीने करीत की ते अध्यापन त्यांच्या पुढील प्रबंधाचीच पूर्वतयारी ठरले.

सामाजिक कार्यही याच काळात उभे राहत होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. मार्च महिन्यात माणगाव परिषद झाली आणि छत्रपती शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वावर आपला विश्वास जाहीरपणे व्यक्त केला. समाजाची हाक अशी ऐन भरात असताना शिक्षणासाठी पुन्हा दूरदेशी जाणे काहींना अनुचित वाटू शकले असते. परंतु अपुऱ्या साधनांनी लढा लढता येत नाही, हे बाबासाहेबांना कळत होते. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियातील पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले ५००० रुपयांचे कर्ज एवढी पुंजी घेऊन जुलै १९२० मध्ये ते निघाले. सप्टेंबरअखेर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते पुन्हा दाखल झाले, तेव्हा चार वर्षांच्या मुदतीतील एक वर्ष अजून शिल्लक होते.

लंडनचा दिवस

दुसऱ्या लंडन पर्वातील दिनक्रम चरित्रग्रंथांत सविस्तर आला आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा. त्यानंतर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडण्याच्या वेळी दारात हजर राहायचे आणि बंद होईपर्यंत जागा सोडायची नाही. दुपारचे जेवण टाळल्याने पैसाही वाचे आणि वेळही. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि ग्रेज इन ही इतर ठिकाणे. सायंकाळी खोलीवर परतल्यावर थोडे काही पोटात घालून पुन्हा वाचन. रात्री भूक अनावर झाली की सोबत आणलेले पापड भाजून खावयाचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. खोलीतील सोबती झोपण्याचा आग्रह करी, तेव्हा आपल्यापाशी झोपण्याइतका पैसाही नाही आणि वेळही नाही, अशा अर्थाचे ते काही बोलत.

या उपासमारीचे अनुकरण करावे, असे कोणी समजू नये. त्यांनी ती हौसेने पत्करली नव्हती, आणि पुढील आयुष्यात त्यांच्या देहाला तिची किंमत द्यावी लागली. अनुकरण करावयाचे ते वेगळ्या गोष्टीचे. दिवसातील मुख्य तास कोणत्या कामाचे, हे त्यांनी ठरविले होते आणि त्या तासांवर ते इतर कशाचीही चढाई होऊ देत नसत. कोणत्या ग्रंथालयात कोणती कागदपत्रे आहेत याची त्यांना पक्की जाण होती. एकीकडे अर्थशास्त्राचा प्रबंध, दुसरीकडे बॅरिस्टरीचा अभ्यास आणि याच काळात जर्मनीतील बॉन विद्यापीठात नावनोंदणी, असे तिहेरी काम त्यांनी पेलले. कोलंबियात घेतलेला जर्मनचा एकच प्राथमिक अभ्यासक्रम येथे कामी आला.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला.

शेवटची अट

यश हाताशी आले असे वाटत असतानाच प्रबंध परत आला. ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवरील त्यातील परखड टीका परीक्षकांना रुचली नव्हती. प्रबंध नव्याने लिहून द्यावा, असे त्यांना सांगण्यात आले. पैसा संपत आला होता. लंडनमध्ये आणखी काही महिने राहणे शक्य नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब पदवीविनाच मुंबईस परतले.

ज्याने दहा वर्षे एका पदवीच्या दिशेने घालविली, त्याला शेवटच्या उंबरठ्यावर मिळालेला हा नकार होता. पुढ्यात वकिलीचा आरंभ, घरात चणचण, समाजाचे शेकडो प्रश्न. तरीही बाबासाहेबांनी मुंबईत बसून प्रबंधाची मांडणी नव्याने केली. भाषा सौम्य केली, मूळ निष्कर्ष सोडले नाहीत, आणि प्रबंध लंडनला पाठविला. १९२३ अखेरीस डी.एस्सी. मिळाली. प्राध्यापक कॅनन यांच्या प्रस्तावनेसह तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. काही मतांशी असहमत असूनही कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. बाबासाहेबांनी तो आपल्या मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला. डबक चाळीतील पहाटेचे ऋण अशा रीतीने नोंदविले गेले.

घराने दिलेला वेळ

या सोळा वर्षांच्या अभ्यासाचा हिशेब मांडताना एक नाव वेगळे काढून लिहिले पाहिजे. बाबासाहेब परदेशी असताना माता रमाईंनी परळच्या चाळीत काबाडकष्ट करून संसार चालविला. शेण्या थापल्या, अर्धपोटी दिवस काढले, अपत्यवियोग सोसले. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव तेवढे वाढले. लंडनच्या वाचनालयातील प्रत्येक तासामागे मुंबईतील या माउलीचे तास होते. बाबासाहेबांना त्याची जाणीव होती. वेळ वाया घालविणे म्हणजे दुसऱ्याने दिलेले दान उधळणे, अशी धारणा ज्याच्या मनात असते, त्याला अभ्यासाला बसविण्यासाठी घंटेची गरज पडत नाही.

आपल्या निवासी शाळेतील प्रत्येक मुलामुलीमागेही असेच कोणाचे तरी तास आहेत. ऊसतोडीला गेलेले आईवडील, वीटभट्टीवरची बहीण, दुसऱ्याच्या शेतात राबणारी आजी. वसतिगृहातील दोन तासांच्या अभ्यासवेळेची किंमत त्यांनी आधीच चुकविलेली असते.

शिक्षण संपवून आल्यावर बाबासाहेबांनी ती जाणीव स्वतःपुरती ठेवली नाही. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे तिने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. ज्याला स्वतःला वाचायला जागा मिळाली नव्हती, त्याने सार्वजनिक कार्याच्या अगदी आरंभी इतरांसाठी जागा केली: डोक्यावर छप्पर, वेळेवर अन्न, दिवा आणि शांतता. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटी, मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय हा त्याच विचाराचा विस्तार होता. आज आपण ज्या परंपरेतील संस्थेत शिकत आहोत, तिचे मूळ येथे आहे.

आपल्यासाठी

विद्यार्थी मित्रहो, भगवान बुद्धांनी सम्यक व्यायामाला आर्य अष्टांगिक मार्गात स्थान दिले. योग्य दिशेने सतत केलेला प्रयत्न, असा त्याचा सरळ अर्थ घेतला तर भीमरावांचे विद्यार्थिजीवन हे त्याचे उदाहरण ठरते. त्यांनी आपली वेळ परिस्थिती पाहून निवडली. किती दिवस हाती आहेत हे मोजले. एक प्रश्न धरून ठेवला आणि निरनिराळ्या अभ्यासांना त्याच्याशी बांधले. मन भरकटले तेव्हा ते ओळखून परत आणले. आणि अभ्यास तुटण्याची वेळ आली, तेव्हा परत येण्याची खूण ठेवूनच ते उठले.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि आपण तीच करीत नाही. आजारी पडून घरी जाताना, सुट्टी लागताना, एखाद्या विषयात अडल्यावर आपण पुस्तक नुसते मिटतो. परत येतो तेव्हा कोठून सुरुवात करावी हे कळत नाही, म्हणून पहिल्या पानापासून नवे वेळापत्रक आखतो आणि पहिलाच धडा पुन्हा पुन्हा वाचत राहतो. त्याऐवजी, कोठपर्यंत झाले, काय अडले आणि पुढे काय करायचे, एवढे तीन ओळींत लिहून ठेवले, तर महिन्याने परतलेला विद्यार्थीही दहा मिनिटांत आपल्या जागी येऊन बसू शकतो.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीतील निवासस्थानी, थकलेल्या बाबासाहेबांनी आपल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद झोपण्यापूर्वी वाचावयास मागविले होते. केळुसकर गुरुजींनी दिलेल्या बुद्धचरित्रापासून सुरू झालेले वाचन एकोणपन्नास वर्षांनंतरही चालू होते. पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाला. आज रात्री आपल्या वसतिगृहातील दिवे मालविण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वहीच्या कडेला उद्याची पहिली ओळ लिहून ठेवावी. सकाळी उठल्यावर अभ्यास तेथूनच सुरू होईल.